बिनटाक्याचा इलाज, पण कोणासाठी?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

जुनाट आम्लपित्तावर दुर्बिणीतून होणाऱ्या उपचारांविषयीचा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. विषय निवडलात याचा आनंद झाला. इंदुरात राजवाड्याजवळ माझे अनेक वर्षे औषधांचे दुकान होते. "काका, नेहमीची गोळी द्या," म्हणत चिठ्ठीशिवाय आम्ल कमी करणारे पॅन्टोप्राझोल मागणारी माणसे मी रोज पाहिली आहेत. त्यातली कित्येक साधे वरण-भात जेवणारी होती, म्हणून सगळा दोष सराफा बाजारातल्या रात्रीच्या चमचमीत खाण्याला देणे मला पटत नाही. अन्ननलिका आणि जठर यांच्यामधली झडप सैल झाली की गोळीने आम्ल कमी होते, झडप मात्र सैलच राहते. वाकले, आडवे झाले की आंबट पाणी घशाशी येतेच.

म्हणूनच हे उपचार मोलाचे वाटतात. 'टिफ' पद्धतीत तोंडावाटे उपकरण आत नेऊन जठराचा वरचा भाग अन्ननलिकेच्या टोकाभोवती दुमडतात आणि आतूनच पक्का करतात. पोटावर छेद नाही. हैदराबादच्या डॉक्टरांनी अशाच दुसऱ्या एका पद्धतीची खोट्या, म्हणजे उपचार केल्याचे फक्त भासवणाऱ्या, प्रक्रियेशी तुलना करून ७० रुग्णांवर चाचणी घेतली. ती २०२२ साली 'गट' (Gut) या पोटविकारांवरच्या नियतकालिकात आली आणि खऱ्या उपचाराचा गुण ठळकपणे दिसला.

पण हा इलाज कोणाला चालत नाही, हे लेखात यायला हवे होते. जठराचा भाग छातीत २ सेंटिमीटरहून अधिक सरकला असेल, तर नुसते 'टिफ' पुरत नाही. आधी हे सरकणे, म्हणजे हर्निया, दुरुस्त करावे लागते. काहींची जळजळ आम्लाची नसतेच. ते ओळखायला गोळ्या साधारण आठवडाभर बंद ठेवून, नाकातून बारीक नळी घालून २४ तास आम्ल मोजतात. ६ टक्क्यांहून जास्त वेळ अन्ननलिकेत आम्ल असेल तर आजार पक्का, ४ टक्क्यांच्या आत असेल तर नाही. अन्ननलिकेच्या दाबाची तपासणीही हवी, कारण झडप उघडतच नसेल तरी त्रास असाच वाटू शकतो, आणि अशा माणसाची झडप आणखी आवळणे म्हणजे हाल वाढवणे.

नवे ते सगळे टिकतेच असे नाही. झडपेजवळ द्रव टोचण्याच्या 'एन्टेरिक्स' उपचाराला अमेरिकेत २००३ मध्ये परवानगी मिळाली आणि गंभीर इजा झाल्यामुळे २००५ मध्ये तो मागे घ्यावा लागला. घाई नको म्हणतो ते यासाठी.

आपल्याकडे महात्मा गांधी स्मृती वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या पोटविकार तज्ज्ञांकडून या तपासण्यांवर एक लेख मागवावा, त्या इंदुरात कुठे होतात आणि खर्च किती येतो हेही त्यात छापावे. घास अडकणे, वजन घटणे, काळी शौच होणे अशी लक्षणे असतील तर गोळी बदलत न बसता लगेच दुर्बिणीची तपासणी करावी, हे चौकटीत ठळक द्यावे, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त औषध विक्रेता, सुदामानगर, इंदूर