मंगलोरी कौलं समुद्रातून आली, तेवढं तरी लिहून ठेवा साहेब

मा. बंदरे मंत्रीसाहेब, नमस्कार.

परवा आमच्या गावात एक जुनं घर जेसीबीने पाडलं, कौलं खड्ड्यात भरायला चालली होती. एक उचलून उलटं केलं तर पोटावर बासेल मिशन, मंगलोर, 1865 असा छाप. (1865 हे कारखान्याचं साल, कौलाचं नव्हे, पण आमच्याकडे त्यावरून घर दीडशे वर्षांचं ठरवतात.)

साहेब, ही माती आपली नाही. नेत्रावती आणि गुरुपूर नद्यांच्या काठची चिकणमाती, बासेल मिशन या ख्रिस्ती संस्थेच्या प्लेब्स्ट नावाच्या जर्मन मिशनऱ्याने मंगलोरला कारखाना काढला आणि एकात एक अडकणारं कौल तयार झालं. त्याआधी आपल्याकडे कुंभाराचे नळे (गोलसर कौलं) नाहीतर गवत, माकडं नाचली की पावसाआधी परत शाकारणी. मग 1914 च्या युद्धात इंग्रजांनी मिशनचे कारखाने शत्रूची मालमत्ता म्हणून ताब्यात घेतले, पण तोवर मंगलोरला बाकीच्यांनीही भट्ट्या टाकलेल्या, त्यामुळे कौलं येतच राहिली.

आणि यायची कशी, तर शिडाच्या मालवाहू होड्यांनी, फत्तेमाऱ्यांनी. तेव्हा कुठला हायवे आणि कुठली कोकण रेल्वे, ती तर 1998 ला पूर्ण झाली. नारळी पुनवेनंतर समुद्र शांत झाला की गलबतं निघायची, पावसाळ्याआधी किनाऱ्याला लागायची, म्हणजे घर शाकारायचं तर वाऱ्याचा हिशोब धरूनच. एकेक कौल दोन-अडीच किलोचं, हजारोंच्या हिशोबात, हातोहात उतरवायचं आणि फुटलं की नुकसान. पुढे ट्रक आले, नंतर स्लॅब आला, आणि होड्या हाकणारे तांडेल घरी बसले.

आपण आरमार म्हटलं की किल्ल्यांवर कोटी खर्च करतो, करावेच, माझी तक्रार नाही. पण ज्या होड्यांनी अख्ख्या कोकणाच्या डोक्यावर छप्पर आणलं त्यांचं काय? एका सरकारी ऑफिसात विचारलं तर म्हणाले असलं रेकॉर्ड आम्ही ठेवत नाही, मासेमारीचं हवं तर बघा.

मागणी मोठी नाही. जुन्या बंदरांतली गोदामं आणि जकात नाकी पाडण्याआधी त्यांचे फोटो आणि नकाशे करून घ्या, तिथले कागद रद्दीत जाऊ देऊ नका, आणि शिडाच्या होडीवर गेलेले जे थोडे म्हातारे उरलेत त्यांच्याकडे कोणीतरी रेकॉर्डर घेऊन बसा, या उन्हाळ्यातच, पुढच्या नको.

ते कौल मी घरी आणून ठेवलंय. कोपरा उडालाय थोडा. म्युझियम करणार असाल तर मी स्वतः आणून देतो.

आपला,
कोकणातला एक मतदार