मी तुझी वाट पाहिली नाही

डिचोली, गोवा
२० ऑगस्ट २०२५

चि. वैदेही हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी संध्याकाळी तुझी बस सुटली तेव्हा तू खिडकीतून हात हलवलास, पण माझ्याकडे पाहिले नाहीस. तुझ्या मनात काय चालले आहे हे मला कळत होते आणि तरीही मी तुला तसेच जाऊ दिले, याची रुखरुख गेले तीन दिवस जात नाही. घरात आपण कोंकणीत बोलतो, पण लिहायला बसले की माझा हात मराठीकडेच वळतो, शाळेपासून तीच सवय लागली. आणि जे तोंडाने बोलवत नाही ते मला लिहून सांगता येते. म्हणून ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतले ते आधीच सांगते. गुरुवारी दुपारी मी तुला फोनवर म्हटले होते, की उद्या पंधरा ऑगस्टची सुट्टी असल्याने डॉक्टर येऊ शकणार नाहीत, त्यामुळे आपल्या मांजरीला, अबोलीला, कायमचे झोपवण्याचा निर्णय आजच घ्यावा लागतो आहे. ते खरे नव्हते. डॉक्टर स्वतःहून म्हणाले होते, की मुलगी सकाळी पोचत असेल तर सुट्टी असली तरी मी दहा वाजता येऊन जाईन. तू रात्रीच्या बसचे तिकीट काढले होतेस, चोर्ला घाट उतरून सकाळी सातच्या सुमाराला साखळीला पोचणार होतीस, आणि हे सगळे ठाऊक असूनही मी त्यांना त्याच दिवशी चार वाजता बोलावले. मी तुझी वाट पाहिली नाही आणि वर तुझ्याशी खोटे बोलले. पहिल्या गोष्टीचे कारण मी देऊ शकते. दुसऱ्या गोष्टीचे कारण एवढेच, की तू ‘थांब’ म्हटले असतेस तर मी थांबले असते.

अबोलीला घरात तू आणलेस. २००८ साली गणेश चवथीच्या आदल्या शुक्रवारी आपण म्हापशाच्या बाजारात माटोळीचे, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळा-पानांच्या चौकटीचे, सामान घ्यायला गेलो होतो, आणि सुपारीच्या घोसांच्या ढिगामागे सापडलेले ते मुठीएवढे पिल्लू तू फळांच्या पिशवीत लपवून बसमध्ये चढलीस. तेव्हा तू नऊ वर्षांची होतीस. केशरी मांजरे बहुतेक बोकेच असतात, म्हणून बाबांनी तिला महिनाभर बोकाच समजले होते. ती मादी आहे हे कळल्यावर तू आजीच्या वेणीतल्या फुलांचा रंग पाहून तिचे नाव ठेवलेस. पुढे तिने ते नाव सार्थ केले. सतरा वर्षांत ती कधी भुकेसाठीसुद्धा ओरडली नाही, नुसती येऊन समोर बसत असे. तिच्या या गप्प राहण्यानेच मला फसवले असे मी अनेकदा मनाशी म्हटले आहे, पण ते अर्धेच खरे आहे.

उरलेले अर्धे असे, की मी पाहत होते आणि मला समजले नाही. २०२३ च्या मे महिन्यात तिचे पाण्याचे भांडे दिवसातून दोनदा भरावे लागत होते, न्हाणीतल्या बादलीच्या काठावर पुढचे पाय टेकून ती पाणी पिताना मी तिला रोज पाहत होते, आणि उन्हाळाच इतका आहे तर मांजरालाही तहान लागणारच, अशी मी स्वतःची समजूत घातली. पाठीवरून हात फिरवताना मणके लागतात असे तू सुट्टीत आलीस तेव्हा म्हणालीस, म्हणून आपण तिला घेऊन गेलो. चार किलो दोनशेवरून ती तीन किलो चारशेवर आली होती आणि रक्तातले क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाने बाहेर टाकायचा कचरा, वाढून ३.६ निघाले. त्या दिवशी डॉक्टरांनी जे समजावले ते मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले आहे: मूत्रपिंडाला लघवी घट्ट करता येईनाशी झाली की अंगातले पाणी वाहून जाते, म्हणून जनावर सतत पाणी पिते, क्रिएटिनिन वाढलेले दिसते तोवर मूत्रपिंडाची जवळजवळ तीन चतुर्थांश ताकद गेलेली असते, आणि गेलेला भाग परत येत नाही, उरलेला जपायचा असतो. आजाराच्या चार टप्प्यांपैकी ती तिसऱ्यात होती. त्या मे महिन्यात मी लक्ष दिले असते तर किती फरक पडला असता हे कोणीच सांगू शकत नाही, पण तो महिना मी विसरलेले नाही.

पुढची सव्वादोन वर्षे तू फोनवरून पाहिलीस, आणि शनिवारी रात्री तू जे म्हणालीस, की मी तिला टाकून पुण्याला गेले, ते ऐकून माझ्या पोटात गोळा आला. सुई टोचायला मला कोणी शिकवले? जून महिन्यात तू आठ दिवसांची रजा काढून राहिलीस आणि रोज माझ्या हातावर हात ठेवून ते करून घेतलेस. रिंगर लॅक्टेटची, म्हणजे सलाइनसारख्या पाण्याची, बाटली कोमट पाण्याच्या टोपात ठेवायची, मग माटोळीच्या हुकाला टांगायची, खांद्यांच्या मधली सैल कातडी चिमटीत धरून तंबूसारखी उचलायची आणि पिवळ्या बुडाची वीस नंबरची सुई त्या तंबूच्या दारातून आत घालायची. ‘तंबूच्या दारातून’ हे शब्द तुझे आहेत. सुई टोचताना मी ते प्रत्येक वेळी मनात म्हणत असे. शंभर मिलिलिटर पाणी आत जायला सात-आठ मिनिटे लागत, तेवढा वेळ ती माझ्या मांडीवर डोळे मिटून बसे, आणि कातडीखाली तयार झालेला तो कोमट फुगा घेऊन सोप्यावर जाऊन झोपे. आधी एक दिवसाआड आणि गेल्या डिसेंबरपासून रोज. दोन्ही वर्षी चवथीला त्या हुकावर माटोळी चढली तेव्हा बाटली आतल्या खोलीत खिडकीच्या गजाला गेली, आणि आरती चालू असताना मी आत तिला पाणी देत बसले होते. देवाजवळ नसल्याचे मला त्या वेळी काहीच वाटले नाही.

रक्तदाबाची गोळी, म्हणजे अडीच मिलिग्रॅमच्या गोळीचा चौथा भाग, बाबा रोज रात्री दाढीच्या पात्याने कापून देत. ते काम त्यांनी एक दिवसही माझ्यावर टाकले नाही.

खाण्याचे मात्र कठीण गेले. मूत्रपिंडाच्या रोग्यांचे ते विकतचे खाणे पाहून ती तोंड फिरवी, आणि नुस्त्याच्या, म्हणजे मासळीच्या, डोक्यांवर वाढलेल्या मांजराला नुस्ते बंद करायला सांगण्यात आले होते. तू मला विचारले होतेस, की आपणच तिला बांगडे आणि तारले घालून आजारी पाडले का. मी डॉक्टरांना ते स्पष्टच विचारले. त्यांचे म्हणणे असे, की म्हाताऱ्या मांजरांत हा आजार फार आढळतो आणि त्याचे एकच एक कारण बहुतेक वेळा सापडत नाही. मासळीतले फॉस्फरस दुबळ्या झालेल्या मूत्रपिंडाला झेपत नाही, म्हणून ते आता कमी करायचे. नुस्त्याने आजार झाला असे त्यांनी म्हटले नाही. तेवढे ओझे तू मनावरून उतरव.

आता शेवटच्या दिवसांकडे येते. जुलैअखेर क्रिएटिनिन नऊच्या वर गेले. तोंडात व्रण आले, श्वासाला उग्र दर्प येऊ लागला. ती पाण्याच्या भांड्यावर मान वाकवून पाच-पाच मिनिटे बसे आणि पाणी न पिताच उठे. डॉक्टर म्हणाले, आता पथ्य नाही, जे खाईल ते द्या. दहा तारखेच्या रविवारी बाबा बाजारातून दोन बांगडे घेऊन आले. श्रावणात आपल्या घरात नुस्ते शिजत नाही हे त्यांना ठाऊक होते, मलाही होते. मी मागच्या पडवीत तीन दगड मांडले, जुन्या टोपात मीठ न घालता ते उकडले, काटे काढले आणि बोटाने तिच्यापुढे धरले. तिने बराच वेळ वास घेतला. मग चाटले, आणि नखाएवढे दोन तुकडे खाल्ले. त्यानंतर तिने काही खाल्ले नाही. मी न्हाऊन घरात आले. तुझी आजी असती तर रागावली असती का, याचा मी विचार केला, आणि मला वाटते ती चुलीपाशी माझ्याशेजारी येऊन बसली असती.

बुधवारी सकाळी तिला पाणी देताना माझ्या लक्षात आले, की आदल्या दिवशीचे पाणी अंगात मुरलेच नव्हते. तो फुगा ओघळून पुढच्या पायापर्यंत उतरला होता आणि पाय जड होऊन ती एका कुशीवर कलंडत होती. मी सुई तशीच टोपणात घातली. सव्वादोन वर्षांत पहिल्यांदा वहीत त्या तारखेपुढे मी रेघ मारली. तुला फोन केला तो त्यानंतर, आणि तू गुरुवारच्या रात्रीचे तिकीट काढलेस.

गुरुवारी पहाटे साडेचारला तिला झटका आला. तू विचारलेस तेव्हा मी ‘अशक्तपणा होता’ एवढेच म्हटले होते. चारही पाय ताठ होऊन ती फरशीवर हात-दोन हात घसरत गेली, लघवी झाली, आणि ओरडली. वैदेही, सतरा वर्षांत मी तिचा तसा आवाज ऐकला नव्हता. बाबा देवघराच्या दारात उभे राहून रडत होते. दहा वाजता दुसरा झटका आला. त्यानंतर ती भानावर आली तेव्हा तिला डोळ्यांपुढचे काही दिसत नव्हते, मी हाताने बोलावले तर ती भिंतीकडे वळली, आणि अंग गार पडत चालले होते. झटके पुन्हा येतील, रात्रीही येतील, असे डॉक्टरांनी सांगितले, आणि मग ते सकाळी येण्याचे बोलले. तुझ्यासाठी तिला आणखी अठरा तास तसे ठेवायचे की नाही, हे मला ठरवायचे होते. बाबांनी मला विचारले, वैदेहीला विचारायचे का? मी नाही म्हटले. तुला विचारणे म्हणजे, बसमध्ये चढायच्या आधी तुझ्या हातात ते ठेवणे, असे मला वाटले. माझे चुकले असेल. तू सव्वीस वर्षांची आहेस आणि ती तुझी मांजर होती, हे मला तेव्हाही कळत होते.

ती कशी गेली हे तू विचारले नाहीस, पण सांगते. ती सोप्यावर माझ्या मांडीवर होती, तुझ्या पिवळ्या ओढणीवर. पाऊस होता. डॉक्टरांनी आधी झोपेचे इंजेक्शन दिले आणि पाच-सात मिनिटांत तिचे अंग सैल पडले. बुधवारपासून तिच्या अंगात जो ताठरपणा होता तो पहिल्यांदा गेला. मग पायाच्या शिरेतून भुलीचे औषध, भुलीसाठी लागते त्याहून पुष्कळ जास्त. माझा तळवा तिच्या छातीवर होता. एक मिनिटही लागले नाही. मी तिच्या कानाशी तुझे नाव घेऊन सांगितले, की ती निघाली आहे, सकाळी येते.

शुक्रवारी तू ओढणी बाजूला केलीस आणि विचारलेस, ‘डोळे उघडे का आहेत?’ मी उत्तर दिले नाही, कारण बोलले असते तर सगळेच बाहेर आले असते. डोळे मिटायला स्नायूंची ताकद लागते, ती संपली की पापण्या अर्ध्या उघड्याच राहतात, असे डॉक्टरांनी मला आधीच सांगून ठेवले होते. ती कोणाची वाट पाहत होती असे तू मनात आणू नकोस. रात्रभर आम्ही तिला थंड फरशीवर बर्फाच्या पिशव्या लावून ठेवले, कारण मातीत तिला तुझ्या हातानेच जायचे होते. खड्डा बाबांनी संध्याकाळीच पावसात खणला होता. चिऱ्याची जमीन, पिकासाचा दांडा मोडला तरी ते कमरेइतके खाली गेले. ते औषध शरीरात राहते, कुत्र्याने उकरून खाल्ले तर त्यालाही बाधते, म्हणून खोल पुरायला सांगितले होते.

वही मी तुझ्यासाठी बाजूला ठेवली आहे. त्यात पहिल्या आठ दिवसांच्या नोंदी तुझ्या अक्षरात आहेत. उरलेल्या चार बाटल्या आणि सुयांचे खोके बाबा डॉक्टरांकडे देऊन आले. आणखी एक मांजर तिथे याच आजारावर येते. चवथ पुढच्या बुधवारी आहे. माटोळीचा हुक मी पुसून ठेवला, पण त्याला बाटलीसाठी बांधलेली सुतळी अजून सोडलेली नाही. तू सोमवारी येशील असे म्हणाली होतीस. रागावून आलीस तरी ये, आणि जे म्हणायचे असेल ते मला समोर म्हण. मी खोटे बोलणार नाही.

तुझी,
आई