वय वंदना कार्ड घेण्याआधी ईसीएचएसचा हिशेब करा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ऑक्टोबर 2024 पासून सत्तरी गाठलेल्या सर्वांना वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचे आयुष्मान वय वंदना कार्ड मिळते. माजी सैनिकाला मात्र हे कार्ड आणि ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) यांतले एकच निवडावे लागते. किडनी निकामी झालेल्या किंवा अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेल्या सैनिकाने ईसीएचएस सोडू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

डायलिसिसचेच पाहा. आठवड्याला तीन, म्हणजे वर्षाला 156. एका वेळचे दीड हजार धरले तरी 2 लाख 34 हजार झाले. पाच लाखांतल्या उरलेल्या रकमेत फिस्टुलाची (डायलिसिससाठी हातातल्या रक्तवाहिन्या जोडण्याची) शस्त्रक्रिया आणि मधेच उद्भवणारा जंतुसंसर्ग भागवायचा. पत्नीही सत्तरीपुढची असेल तर तिचे आजारपणही त्यातच, कारण रक्कम दोघांत मिळून आहे. ती 66 वर्षांची असेल तर या कार्डावर तिला काहीच नाही. ईसीएचएसमध्ये वार्षिक मर्यादा नाही, पत्नीला वयाची अट नाही. रोजच्या गोळ्याही पॉलिक्लिनिकमधून (ईसीएचएसच्या दवाखान्यातून) मिळतात. आयुष्मानमध्ये ओपीडीची औषधे बसत नाहीत. दाखल झालात तर डिस्चार्जनंतर 15 दिवसांपुरती मिळतात.

ईसीएचएसचे घोडे अडते ते कागदांपाशी. रेफरलवर (रुग्णालयात पाठवण्याच्या चिठ्ठीवर) मुदत किती आणि डायलिसिस किती वेळा लिहिले आहे, हे पॉलिक्लिनिकमधून निघण्याआधीच वाचून घ्यावे. मुदत संपली की रुग्णालय पैसे मागते. रात्री-अपरात्री पॅनेलबाहेरच्या (योजनेच्या यादीत नसलेल्या) रुग्णालयात न्यावे लागले तर 48 तासांत पॉलिक्लिनिकला कळवावे. तातडीचा दाखला, डिस्चार्ज कार्ड आणि तपशीलवार बिले सही-शिक्क्यासह घ्यावीत. परतावा सरकारी दरानेच मिळतो, वरचा फरक खिशातून जातो. आयुष्मानमध्ये पॅनेलबाहेर तेवढाही नाही. श्वासासाठी बायपॅप यंत्र लागणार असेल तर मंजुरी हातात आल्यावरच विकत घ्यावे, नाहीतर क्लेम अडकतो.

घरी ठेवलेल्या मदतनिसाचा पगार दोन्ही योजनांत बसत नाही. त्यासाठीचा अटेंडन्स अलाउन्स पेन्शनकडून येतो, तोही 100 टक्के अपंगत्व पेन्शन असलेल्यालाच आणि मेडिकल बोर्डाने शिफारस केली तर.

नोंदणी शिबिरांत आधार कार्ड मागण्याआधी ‘ईसीएचएस आहे का?’ हे विचारले जावे आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाने आपला एक जाणकार माणूस तिथे बसवावा, ही विनंती.

– काही माजी सैनिक, सातारा