समोरच्या दाराच्या काकूंना

प्रिय काकू,
नमस्कार.

तुम्ही मुलाकडे पुण्याला गेलात त्याला आता सहा महिने होतील. फोनवर आपण गुडघ्यांचं, औषधांचं बोलतो आणि तुमचे आभार मानायचं राहूनच जातं. चारचौघांत लिहितेय, कारण आमच्या चर्चच्या मंडळीतल्या नवीन लग्न झालेल्या मुली मला विचारतात, "ताई, शेजारी हळदीकुंकवाला बोलावतात, काय सांगायचं?" त्यांना मी तुमचीच गोष्ट सांगते.

आम्ही नागपुरात मानकापूरला राहायला आलो त्या वर्षी तुम्ही महालक्ष्म्यांच्या जेवणाचं आमंत्रण दिलं. मी "गावाला जायचंय" म्हणाले आणि दिवसभर दार लावून घरात बसले. मुलांनाही मोठ्याने बोलू दिलं नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही दारात उभ्या. "काऊन गं, गावाला जाणार होती ना तू? रात्री लाईट तं सुरू होता. आमच्याकडचं चालत नाही का तुला? तसं सांग ना मग."

काकू, ताट टाळलं म्हणजे विश्वास राखला, असं मला वाटत होतं. खरं तर खोटं बोलले तिथेच मी तो मोडला होता. प्रत्येकाने आपल्या शेजाऱ्याशी खरं बोलावं, असं येशूचा प्रेषित पौल याने बायबलमध्ये इफिसच्या मंडळीला लिहिलंय. ते वचन मला लहानपणापासून पाठ होतं.

त्या दिवशी पहिल्यांदा मी सरळ बोलले. मी एका ख्रिस्तापुढेच वाकते. दुसरीकडे हात जोडले तर ते नाटक होईल, तुमच्या देवापुढेही आणि माझ्या देवापुढेही. माझा आवाज कापत होता. तुम्ही जरा वेळ गप्प राहिलात. मग म्हणालात, "महालक्ष्म्यांच्या आधी मी कोणाला वाढू शकत नाही, आणि नंतरचं तुला चालत नाही. मग उद्या ये. वरणफळं करते."

तुम्ही तुमची रीत सोडली नाही आणि मला माझी सोडायला लावली नाही. दुसऱ्या दिवशी आपण दोघी वरणफळं खात बसलो, वर तुपाची धार. तुम्ही दोन्ही हात जोडून जेवायला सुरुवात केलीत, मी डोळे मिटून प्रार्थना केली.

घरी येऊन करिंथच्या मंडळीला लिहिलेलं पहिलं पत्र पुन्हा वाचलं. विश्वास न ठेवणाऱ्याने जेवायला बोलावलं आणि जावंसं वाटलं, तर पुढ्यात येईल ते खा, चौकशा करत बसू नका, असं पौल म्हणतो. हे देवाला वाहिलेलं आहे असं कोणी सांगितलं, तर मात्र सांगणाऱ्यासाठी, विवेकासाठी, खाऊ नका. मी इतकी वर्षं 'खाऊ नका' तेवढंच वाचत आले होते. त्याआधी एक आमंत्रण आहे, कोणाच्या तरी घरी जाणं आहे, ते दिसलंच नव्हतं. आमच्यातले काही जण याचा अर्थ वेगळा लावतात. त्यांच्याशी माझं भांडण नाही.

काका हिस्लॉप कॉलेजचे. स्टीफन हिस्लॉपची खरी ओळख मला त्यांनीच करून दिली. हा स्कॉटिश मिशनरी शुभवर्तमान सांगायला आला, पण गोंडांचा पुराणपुरुष लिंगो याची कथाही त्याने मन लावून लिहून घेतली, आणि 1863 साली नागपूरजवळच्या टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळं (दगडांची रिंगणं) पाहून परतताना नदीत बुडाला. "आधी ऐकून घ्यायचा तो माणूस," काका म्हणायचे. मी चर्चमध्ये वाढलेली, आणि हे मला एका हिंदू मास्तरांकडून कळलं.

काका गेले त्या रात्री मी तुमच्याजवळ होते. विधींत मी नव्हते, पण चूल बंद होती तेव्हा डबा माझा होता, तेरवीपर्यंत. तिसऱ्या रात्री मी विचारलं, "काकू, प्रार्थना करू का तुमच्यासाठी?" तुम्ही म्हणालात, "कर. पण मला ऐकू येईल अशी कर." येशूच्या नावाने मी मोठ्याने प्रार्थना केली. कोणासमोर इतक्या मोकळेपणी त्याचं नाव मी आधी घेतलं नव्हतं.

बायबलमधला संदेष्टा एलीया उपाशी असताना देवाने त्याला सारफथच्या एका परक्या विधवेकडे पाठवलं, जेवायला. येशूने नासरेथात तिची आठवण काढली तेव्हा सभास्थानातले लोक त्याच्यावर चवताळले होते. ते का चवताळले, हे आता कळतं. देणारे आपणच, असं धरून चालणाऱ्याला घेणं जड जातं. मलाही गेलं. तुमच्या हातचं घेता घेता ते जमलं. आभार, काकू.

तुमच्या घराची किल्ली माझ्याकडे आहे. जाताना तुम्ही तुळशीपाशी थांबून म्हणालात, "पाणी तेवढं घाल. हात जोडायची गरज नाही, ते मी पुण्याहून करते." रोज सकाळी पाणी घालते. दोन फांद्या वाळल्या होत्या त्या काढल्या, आता मंजिऱ्या आल्यात. नाताळला याल तेव्हा बघालच.

तुमची,
समोरच्या दारातली