लाइमची लस, बेनाड्रिल आणि साडेचार किलोची बुंदी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या रविवार पुरवणीत कुत्र्यांच्या लसीकरणावर आलेला लेख मी दोनदा वाचला. काल लगेच लिहायला बसले असते तर भाषा सांभाळता आली नसती, म्हणून आज लिहिते आहे. लेखकाचा हेतू चांगलाच असणार. पण त्यातली तीन वाक्यं लहान चणीच्या कुत्र्याच्या जिवावर बेतणारी आहेत. टिक फीव्हरची लस टोचून घ्या, लसीनंतर सूज-उलटी झाली तर न घाबरता घरीच बेनाड्रिल द्या, आणि ताप वाटला तर अर्धी पॅरासिटामॉल चालते!

पहिल्या वाक्याबद्दल आधी. नाशिकमध्ये आपण ज्याला टिक फीव्हर म्हणतो तो बहुतेक वेळा एर्लिकिया नाहीतर बबेसिया या रक्तातल्या जंतूंचा आजार असतो. भिंतीच्या फटींत अंडी घालणारी तपकिरी गोचीड तो पसरवते. त्यावर आपल्याकडे लस नाही. माझ्या कुत्र्याला, गोट्याला, झाला होता तेव्हा प्लेटलेट इतक्या उतरल्या की नाकातून रक्त आलं, आणि चार आठवडे डॉक्सीसायक्लिन हे अँटिबायोटिक द्यावं लागलं. लेखात जिचं वर्णन आहे ती लस लाइम नावाच्या वेगळ्याच आजाराची. अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात लाइम नावाचं गाव आहे, त्यावरून हे नाव पडलं. त्याचा जंतू वेगळा, हरणांवर पोसणारी ती गोचीडही वेगळी. तिकडची माहिती उचलून मराठीत आणली आणि मध्ये कोणी विचारलंच नाही की नाशिकच्या वाचकाने याचं करायचं काय. काल दुपारीच शेजारची मुलगी विचारत आली, "काकू, गोट्याला दिली का ती लस? कुठे मिळते?"

हे मी ठामपणे लिहू शकते, कारण ती लस टोचल्यावर काय होऊ शकतं ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात मी लेकीकडे कनेक्टिकटलाच होते. तिची बुंदी, लहान जातीची डॅशहुंड, वजन साडेचार किलो. लेकीला रजा मिळत नव्हती, म्हणून तिने एकाच खेपेत लाइम, लेप्टो आणि रेबीज अशी तिन्ही इंजेक्शनं उरकली, बुंदीला घरी माझ्यापाशी सोडलं आणि ती ऑफिसला गेली.

अर्ध्या-पाऊण तासाने बुंदी गालिच्यावर तोंड घासायला लागली. मला वाटलं खेळते आहे. मग तिने वर पाहिलं तर डोळ्यांच्या पापण्या फुगलेल्या, ओठ लोंबलेले, पोटावर गांधी उठलेल्या. मी लेकीला फोन लावला, ती मीटिंगमध्ये. तेवढ्यात बुंदीला दोन उलट्या झाल्या, पातळ शी झाली आणि ती आपल्याच घाणीत बसली. उठायला जाई आणि मागचे पाय दुमडत. मी तिचा ओठ वर करून पाहिलं, हिरड्या पांढऱ्याफटक. गोट्याच्या आजारपणात इथल्या डॉक्टरांनी हिरड्या बघायला शिकवलं होतं, तेवढंच त्या वेळी आठवलं. तिला टॉवेलमध्ये गुंडाळलं आणि समोरच्या घराची बेल वाजवली. माझं इंग्रजी ते काय असणार! पण त्या बाईंनी बुंदीकडे एकदा पाहिलं आणि गाडीची किल्ली घेतली.

दवाखान्यात पोचताच अ‍ॅड्रेनालिन दिलं, मग अ‍ॅलर्जीचं इंजेक्शन, स्टेरॉइड आणि सलाईन. रात्री आठला घरी सोडलं, पण त्रास पुन्हा उलटू शकतो, रात्रभर लक्ष ठेवा, असं बजावून. ती रात्र मी जमिनीवर गादी टाकून काढली. दर तासाला हिरड्यांचा रंग बघायचा, झोपेतले श्वास मोजायचे, पाणी वाटीभर न ठेवता चमच्या-चमच्याने द्यायचं. इंजेक्शनची जागा इतकी दुखत होती की नेहमीसारखं खांद्यामागून उचललं की ती किंचाळे, म्हणून छातीखाली आणि मागे असे दोन्ही हात घालून उचलायचं. दुसऱ्या दिवशी थोडासा मऊ भात. तिसऱ्या दिवशी शेपटी हलली. माझी जुनी सुती साडी तिने तेव्हापासून सोडलेली नाही, अजून त्याच साडीवर झोपते.

आता सांगा, त्या अर्ध्या तासात मी तुमचा लेख वाचून बेनाड्रिल देत बसले असते तर? तिकडे त्या नावाची साधी अ‍ॅलर्जीची गोळी मिळते. आपल्याकडे मेडिकलमध्ये बेनाड्रिल मागितलं की हातात येतं ते खोकल्याचं सिरप, त्यात आणखी औषधं मिसळलेली. शिवाय उलट्या करणाऱ्या, कोसळलेल्या जिवाच्या तोंडात काहीही ओतू नये, हे वेगळंच. आणि पॅरासिटामॉल! पाचशेची अर्धी म्हणजे अडीचशे मिलिग्रॅम. साडेचार किलोच्या कुत्र्याला ते किलोमागे पंचावन्न पडतं. पशुवैद्य क्वचित देतात तेव्हा किलोमागे दहा-पंधरा देतात. छापण्याआधी एका तरी पशुवैद्याला हा भागाकार करायला सांगायचा होता.

अशी रिअ‍ॅक्शन दुर्मीळ आहे, लेखातलं हे म्हणणं मला मान्य आहे. पण ती लहान कुत्र्यात जास्त येते, हे लेखात का नाही? बुंदीच्या डॉक्टरीणबाईंनी मला समजेल असं सांगितलं होतं. २००५ साली तिकडे छापून आलेल्या एका अभ्यासात बारा लाखांवर कुत्र्यांच्या नोंदी तपासल्या होत्या. लस दिल्यावर तीन दिवसांत त्रास झालेली दहा हजारांत अडतीसच्या आसपास निघाली. पण जितकं वजन कमी तितका धोका जास्त, आणि दहा किलोच्या आतल्या कुत्र्यांत त्याच दिवशी दिलेल्या प्रत्येक जादा इंजेक्शनमागे तो २७ टक्क्यांनी वाढत गेला. लसच देऊ नका, असं मी अजिबात म्हणत नाही. रेबीजची तर द्यायलाच हवी. बुंदीच्या फाइलवर आता लाल अक्षरात नोंद आहे. त्यानंतरच्या वर्षीपासून तिला एका वेळी एकच इंजेक्शन, मध्ये तीन आठवडे, आधी डॉक्टरांनी ठरवलेलं अ‍ॅलर्जीचं औषध, आणि नंतर अर्धा तास दवाखान्यातच मुक्काम. लाइमची लस मात्र बंद केली. त्याऐवजी गोचिडीची गोळी, आणि फिरून आल्यावर कानांमागे, बोटांच्या बेचक्यांत हात फिरवून तपासणी.

यातला अर्ध्या तासाचा मुक्काम इथेही सहज जमण्यासारखा आहे. पण गेल्या महिन्यात मी गोट्याला घेऊन इथल्या एका दवाखान्यात अशीच थांबले तर तिथला मुलगा म्हणाला, "काकू, इंजेक्शन झालं ना? जागा करा, मागे नंबर आहेत." मी बाहेर पायरीवर उन्हात बसले. अर्धा तास पुरा केला, मगच रिक्षा केली. दवाखान्यांनी बाहेर दोन खुर्च्या टाकल्या तरी पुरे.

माझी मागणी एवढीच, की खुलासा त्याच पानावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत छापावा. कोपऱ्यात चौकट नको. आणि रात्री अकरानंतर जनावराला घेऊन नाशिकमध्ये कुठे जायचं, त्याची फोन नंबरांसह यादी द्यावी. त्या दिवशी बुंदीच्या दवाखान्याचा नंबर घरात कुठे लिहिलेला आहे ते मला माहीत नव्हतं. आज गोट्याच्या डॉक्टरांचा नंबर आमच्या फ्रिजवर चिकटवलेला आहे.

आणखी एक. जूनमध्ये मी कॉलनीच्या उद्यानातल्या गुडघाभर गवताबद्दल लिहिलं होतं. तुम्ही ते छापलंत, त्याबद्दल आभार. पण शेवटचा परिच्छेद कापलात, आणि गवत कुठल्या फाटकाजवळ आहे ते नेमकं त्यातच होतं. गवत अजून तसंच आहे. या पत्रालाही कात्री लावायची असेल तर माझं त्या रात्रीचं वर्णन कापा. बेनाड्रिल आणि पॅरासिटामॉलचा परिच्छेद मात्र पूर्ण जाऊ द्या.

आपली नियमित वाचक,
इंदिरानगर, नाशिक