बोट काठावरून सुटली की टायर आत घ्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

हतनूर धरणाच्या फुगवट्यात, चांगदेवला तापी-पूर्णेच्या संगमावर, प्रकाशा बॅरेजच्या मागे, तसेच अक्कलकुवा-धडगावकडे सरदार सरोवराच्या पाण्यात होड्या आणि इंजिनच्या बोटी चालतात. यांतल्या बऱ्याच बोटींच्या दोन्ही अंगांना जुने टायर कायमचे बांधलेले असतात. बोट काठाला असो की भर पाण्यात, टायर तिथेच. ही सवय मोडायला हवी, एवढ्यासाठी हे पत्र.

टायर किंवा हवेचा फेंडर ही बोट आणि धक्का, अथवा बोट आणि बोट यांच्यामधली गादी आहे. बोट लागताना, उभी असताना आणि सुटताना तिचा उपयोग. चालत्या बोटीला मात्र तिचा त्रासच होतो. मोटारीच्या एका टायरचे वजन सात-आठ किलो भरते आणि खालच्या पोकळीत दोन-तीन लिटर पाणी साचते ते वेगळेच. बोट भरली की ती पाण्यात खाली बसते आणि टायरचा तळ पाण्याला लागतो. मग तो पाणी ओढू लागतो, बोटीचे तोंड त्या बाजूला वळते आणि नावाड्याला सुकाणू सतत उलट धरून ठेवावे लागते. त्यातच फोटोसाठी पाचसहा माणसे एका अंगाला सरकली, तर त्या बाजूचे टायर आणखी बुडतात आणि बोट सरळ ठेवणे अधिकच अवघड होते. जानेवारी 2020 मध्ये संक्रांतीच्या सुमारास धडगाव तालुक्यात भुषाजवळ नर्मदेत बोट उलटून माणसे दगावली. माणसांची संख्या आणि लाइफ जॅकेट हे पहिले मुद्दे आहेतच. पण भरलेल्या बोटीचा काठ पाण्यापासून वीतभर उरला असेल, तर तिच्या एका अंगाला अडकणारी, ओढणारी कोणतीही वस्तू नको.

त्याहून मोठा धोका दोरीचा. पाण्याच्या माराने गाठ सैल होते आणि टायर मागे वाहत जातो. त्याची दोरी पंख्यात गुंडाळली की इंजिन जागीच बंद पडते. आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लावलेल्या, इंजिनात ती दोरी पंख्याच्या दांड्यावर घट्ट बसून आतले सील कापू शकते, मग गिअरच्या तेलात पाणी शिरते आणि दुरुस्ती अंगावर येते. बॅरेजच्या किंवा दरवाज्यांच्या वरच्या अंगाला, ओढ असताना इंजिन बंद पडणे किती वाईट, हे हतनूरचे 41 दरवाजे पाहिलेल्या माणसाला सांगायला नको. फुगवट्यात बुडालेल्या झाडांचे खुंट असतात, पाणी उतरले की ते वर येतात. लोंबता टायर त्यांत अडकतो. दोन बोटी जवळून जाताना एकीचा टायर दुसरीच्या टायरात गुंतला, तर दोन्ही बोटी झटक्यात एकमेकींवर फिरतात. अशा वेळी प्रवासी हाताने किंवा पायाने दुसरी बोट ढकलायला जातात. हे कधीही करू नये, बोटे चिरडतात. ढकलायला बांबू वापरावा.

पद्धत सोपी आहे. निघताना दोर सोडा, बांबूने बोट काठापासून दूर करा, लगेच सगळे फेंडर आत ओढा आणि मगच वेग द्या. परतताना शंभर-दीडशे मीटर आधी वेग कमी करा, कोणती बाजू लावायची ते ठरवा आणि त्याच बाजूला किमान तीन फेंडर सोडा: एक बोट सर्वांत रुंद असते तिथे, उरलेले त्याच्या पुढेमागे. एक फेंडर सुटा ठेवून मदतनिसाच्या हाती द्यावा, म्हणजे जिथे घासण्याची शक्यता दिसेल तिथे तो धरता येतो. ओढ असेल तर बोट प्रवाहाच्या विरुद्ध तोंड करून लावावी.

उंचीही महत्त्वाची. धक्का बुटका असेल तर फेंडरचा तळ पाण्याच्या जरा वर, आणि दोन बोटी शेजारी लावताना फेंडर बोटीच्या काठाच्या लगेच खाली. पाणी सतत चढते-उतरते तिथे पक्का धक्का नसतो, बोटीचे टोक उतारावरच लावतात. तिथे बाजूच्या फेंडरचा उपयोग फक्त शेजारच्या बोटीपुरता. दोरी आठ-दहा मिलिमीटरची नायलॉनची. खुंटगाठ, म्हणजे दोन वेढे, आणि वरून एक अर्धी गाठ. ती कठड्याच्या मधल्या पाइपाला न बांधता खांबाच्या बुडाशी किंवा क्लीटला (बोटीवरच्या दोर बांधायच्या खुंटीला) बांधावी.

आकाराचा साधा हिशोब असा: लांबीच्या दर चार-पाच फुटांमागे एक इंच व्यास. वीस फुटी बोटीला पाच इंची लांबट फेंडर चालतो. टायरच वापरायचा असेल तर तळाला अर्ध्या इंचाची तीन-चार भोके पाडावीत, म्हणजे पाणी साचणार नाही. तार बाहेर आलेला टायर मात्र टाकून द्यावा. तो रंग आणि फायबर दोन्ही खरवडतो.

अपवाद आहेत. पन्नास पावलांवरच्या दुसऱ्या धक्क्याला जायचे असेल किंवा बंद पडलेली बोट बगलेला बांधून न्यायची असेल, तर फेंडर बाहेरच असू द्यावेत.

पाण्यावरचे इतर शिष्टाचारही याच सावधपणातून येतात. समोरासमोर आल्यास दोघांनी उजवीकडे वळावे. पुढे काढणाऱ्याने अंतर ठेवावे. इंजिनच्या बोटीने वल्ह्याच्या होडीला वाट द्यावी. भोई बांधवांच्या जाळ्याच्या तरंगत्या बाटल्या दिसल्या की वळसा घालावा आणि इंजिन मंद करावे, कारण आपल्या बोटीच्या लाटेने दुसऱ्याची होडी हेलकावली तर ती जबाबदारी आपलीच असते. हिवाळ्यात हतनूरला पक्ष्यांच्या थव्यात बोट घुसवू नये.

बोट भाड्याने घेणाऱ्यांनी बसण्याआधी नावाड्याला एवढे विचारावे: "दादा, निघाल्यावर टायर वर घेता ना?" आणि फेऱ्यांचा ठेका देणाऱ्या ग्रामपंचायतींनी ही अट ठेक्यात लिहून घ्यावी.

आपला,
एक नौकानयन प्रशिक्षक, भुसावळ