काकाच्या ड्रमबद्दल

बाबू,

रविवारी फोनवर तू बोललास ते मी ऐकून घेतलं. उलट बोलले असते तर भांडण वाढलं असतं, म्हणून लिहून राहिले. आधी सांग, रात्री वेळेवर जेवतोस ना?

हो, दारूसाठी मोहफुलं सडवायचा नाल्याकाठचा तो ड्रम तुझ्या लहान काकाचाच होता. पालापाचोळ्याखाली पुरलेला, तोंडाला पोतं बांधलेलं. माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही. आठ दिवस आधी पोलीस पाटील आणि मी घरी जाऊन त्याला हात जोडले होते. ड्रम उलटवला त्या दिवशी सरपंच, गुरुजी, तंटामुक्तीचे अध्यक्ष, बचत गटाच्या पंधरा-वीस बाया, सगळे सोबत होते. सरपंच जरा मागेच होते म्हणा, त्यांना मतं मोजावी लागतात. ड्रम मी आडवा केला. दुसऱ्या कोणी केला असता तर गाव म्हणालं असतं, देराचा आहे म्हणून ही मागे राहिली. मोहसडव्याचा वास दोन धुण्यांनंतरही पातळाला होता.

"आपल्याच माणसाला पकडून देतेस" म्हणालास. पोलिसांत नाही दिलं रे. ग्रामसभेत ठरल्याप्रमाणे ५ हजार दंड, तोही तीन हप्त्यांत. टोलीवरच्या गोंड लोकांच्या पूजेपुरत्या दारूला आम्ही हात लावला नाही. काका पूजेसाठी गाळत नव्हता, हे तुलाही ठाऊक आहे. त्याच्या पोरीच्या बारावीची फी मी गटातून उचलून भरली. हे त्याला सांगू नकोस.

परवा फोनवर तुझ्या मागे कोणीतरी "अजून एक आण" म्हणत होतं. चहाही असेल. मी विचारत नाही.

मी लग्न होऊन या घरात आले १९९६ साली. आपल्या गडचिरोली जिल्ह्यात दारूबंदी १९९३ पासूनची. म्हणजे कागदावर दारू नव्हती आणि तुझे बाबा रोज पिऊन येत होते. २०१५ ला वैनगंगेपलीकडे चंद्रपुरातही बंद झाली. वाटलं, आता नदीवरून तरी येणार नाही. २०२१ ला तिकडची बंदी उठली. आता ब्रह्मपुरीकडून बाटली यायला पूल ओलांडायचा तेवढा वेळ. दारू-तंबाखूविरोधी मुक्तिपथ अभियानाची माणसं गावात येऊन सांगत होती की गावानं एकत्र बसून ठरवल्याशिवाय हे थांबत नाही, तेव्हा मी मागे बसून हसत होते. हसणारी मीच आता गावाच्या दारूबंदी समितीत आहे. काकाला दारू सोडवायला आरमोरीच्या क्लिनिकला दोनदा नेलं. तिसऱ्यांदा तो बसमधूनच उतरून गेला.

मोहाला मी नावं ठेवत नाही. आजीसोबत तू पहाटे टोपली घेऊन जायचास, फुलं वेचता वेचता निम्मी तोंडात. ते आठवलं की बरं वाटतं. दुसरंही आठवतं. बाबांना आम्ही बांधावरून उचलून आणायचो आणि तू त्यांच्या चपला हातात धरून मागून चालायचास. आठ वर्षांचा होतास. एकदा एकच चप्पल सापडली तर दुसरी शोधायला अंधारात परत गेलास.

म्हणून म्हणते, पगाराच्या दिवशी खोलीवर कोण येतं ते बघत जा. एक पेला म्हणूनच सुरू होतं, मित्रच हातात देतात, आणि आपल्या घराण्यात तर... बरं, पुरे. दिवसभर अंगणवाडीत सांगून सांगून सवय लागलीय मला. तू सव्वीस वर्षांचा आहेस, आयटीआय करून चाकणला स्वतःच्या हिमतीवर गेलास. ग्रामसभेत कोणी तुझं नाव काढलं की मी पदर सारखा करते, माहीत आहे?

आत्याबाईंचा पोरगा बुधवारी पुण्याला निघतोय. त्याच्याकडे नवा तांदूळ आणि लाखोळीची डाळ देते. डाळ दोन पाण्यांनी धू.

शनिवारी रात्री दहाला फोन करीन. उशिरा करते म्हणून रागावू नकोस. फक्त आवाज ऐकायचा आहे.

तुझी आई